कॅस्पियनच्या गाळाचे वय ठरवताना: एका पुराचुंबकीय मापनसेवेचे परीक्षण

खडकांच्या नमुन्यांत टिकून राहिलेले नैसर्गिक चुंबकत्व शुल्क घेऊन मोजून देणाऱ्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेची सेवा आमच्या गटाने नुकतीच वापरली. नमुने कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या गाळाचे होते आणि प्रश्न सरळ होता: या बंदिस्त खोऱ्यातले पाणी नेमके केव्हा चढले आणि केव्हा उतरले? प्रयोगशाळेचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे मांडणार आहे त्या एकाच संस्थेपुरत्या नाहीत. बाहेरच्या गटांना मापन करून देण्याच्या पद्धतीतच त्या रुजलेल्या आहेत, आणि अशी सेवा निवडताना कोणती गोष्ट तपासून घ्यावी हे वाचकाला कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी या मापनाची गरज का पडते ते पाहू. खुल्या महासागराच्या गाळाचे वय ठरवण्याचे अनेक मार्ग असतात. जगभर एकाच वेळी पसरलेले सूक्ष्म प्लवक त्यात सापडतात, त्यांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा आलेख दुसऱ्या महासागरातील आलेखाशी ताडून पाहता येतो. बंदिस्त खोऱ्यात हे मार्ग जवळजवळ बंद होतात. कॅस्पियनची पातळी आज महासागराच्या पातळीपेक्षा सुमारे २९ मीटर खाली आहे आणि ती महासागराबरोबर चढत-उतरत नाही. तिथले शिंपले आणि ऑस्ट्राकॉड (दोन झडपांचे कवच असलेले सूक्ष्म जीव) बहुतांशी त्याच खोऱ्यात उत्क्रांत झालेले असल्यामुळे त्यांच्यावरून स्थानिक कालखंड ओळखता येतो, पण त्या कालखंडाला वर्षांचा आकडा जोडता येत नाही. अक्चागिल नावाच्या स्थानिक कालखंडाचेच उदाहरण घ्या. त्याआधी कॅस्पियन आकसून दक्षिणेकडच्या खोल भागापुरता उरला होता आणि तिथे काही किलोमीटर जाडीचा, आज अझरबैजानच्या खनिज तेलाचा मुख्य साठा असलेला गाळ साचला. अक्चागिलच्या आरंभी पाणी पुन्हा चढले आणि समुद्राचे क्षेत्र सुमारे पाचपट झाले. एवढी मोठी घटना, पण तिचे वय वेगवेगळ्या अभ्यासांत ३६ लाख वर्षांपासून २७ लाख वर्षांपर्यंत कुठेही दिले जात होते. २०२१ साली चुंबकीय स्तरक्रम (थरांत टिकलेल्या चुंबकत्वाच्या दिशांचा क्रम) आणि ज्वालामुखीच्या राखेचे आर्गॉन पद्धतीने काढलेले वय यांची सांगड घालून हा आरंभ २९.५ लाख वर्षांपूर्वीचा, २० हजार वर्षांच्या कमी-अधिक फरकाने, ठरवण्यात आला. उत्तर गोलार्धातील हिमनद्यांचा जोर सुमारे २७ लाख वर्षांपूर्वी वाढला. समुद्र त्याच्या आधी विस्तारला की नंतर, यावर त्या विस्ताराच्या कारणाची सारी चर्चा अवलंबून आहे, आणि म्हणूनच दोन-अडीच लाख वर्षांचा फरक येथे किरकोळ ठरत नाही.

गाळ बसताना त्यातले चुंबकीय कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि वरच्या थरांच्या दाबाखाली तसेच अडकून राहतात. हे क्षेत्र अनियमित अंतराने उलटत आले आहे. ३६ लाख ते २५.८ लाख वर्षांपूर्वीचा गाउस कालखंड मुख्यतः आजच्यासारख्या दिशेचा आहे; त्यात मॅमथ आणि केना या नावांचे दोन छोटे उलटे पट्टे आहेत आणि त्याच्यानंतर मातुयामा हा दीर्घ उलटा कालखंड सुरू होतो. गाळाच्या छेदात, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांच्या उघड्या उभ्या कापात, सरळ आणि उलट पट्ट्यांचा हाच नमुना सापडला की थरांना वय मिळते. तत्त्व एवढे सुटसुटीत असले तरी व्यवहारात सगळे यश खडकात चुंबकत्व नेमके कोणत्या खनिजाने धरून ठेवले आहे यावर उभे असते, आणि आम्ही घेतलेल्या सेवेचे गुणदोषही याच मुद्द्याभोवती फिरतात.

सुरुवात मात्र अतिशय चांगली झाली. नमुने घेण्यापूर्वीच प्रयोगशाळेने जी सूचनापत्रिका पाठवली तिच्यात प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचा हात दिसतो. कठीण खडकात पाण्याने थंड राहणाऱ्या हिरकणी-कडांच्या पोकळ गिरमिटाने २५ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल कापतात, पण मऊ चिकणमातीत तेच पाणी नमुना विरघळवून टाकते, म्हणून तिथे पाण्याऐवजी दाबाखालची हवा वापरावी, हे पत्रिकेत पहिल्याच परिच्छेदात होते. दंडगोल खडकातून सुटा होण्यापूर्वी त्याच्या माथ्याची दिशा आणि कल मोजून, पितळेच्या तारेने त्याच्या बाजूवर उभी रेघ ओढायची आणि त्या रेघेवर आत जाणाऱ्या दिशेचे बाण करायचे. लोखंडी सुरीने ती रेघ ओढली तर नमुन्याला नवे चुंबकत्व चिकटण्याची भीती असते. उघड्या पडलेल्या कड्याचा वरचा हातभर थर खणून टाकल्याशिवाय नमुना घेऊ नये, कारण हवा लागलेल्या भागात लोहाची खनिजे गंजून मूळची नोंद पुसलेली असते, हेही तिथे स्पष्ट लिहिले होते. करड्या-निळ्या चिकणमातीत खणताना ही सूचना किती मोलाची आहे ते डोळ्यांनी दिसते: बाहेरचा भाग पिवळट तपकिरी, त्याखाली डागाळलेला पट्टा, आणि मग अचानक ओला, काळपट, नुकताच कापलेला वाटावा असा गाळ. त्या शेवटच्या रंगापर्यंत पोहोचल्यावरच छिद्र पाडायचे असते.

नमुन्यांमधले अंतर किती ठेवावे याबद्दल प्रयोगशाळेने दिलेला सल्लाही नेमका होता. समजा गाळ हजार वर्षांत २० सेंटिमीटर या वेगाने साचला असेल, तर सुमारे ८४ हजार वर्षे टिकलेला केनाचा उलटा पट्टा जवळजवळ १७ मीटर जाडीत पसरलेला असेल, आणि पाच मीटरला एक नमुना घेतला तरी त्यात तीन-चार नमुने पडतील. पण वीस-पंचवीस हजार वर्षांची एखादी छोटी उलटापालट चार-पाच मीटरांतच आटोपेल आणि एका नमुन्यावर तिचे अस्तित्व ठरवण्याची वेळ येईल. एका नमुन्यावर पट्टा काढायचा नाही, हा नियम त्यांनी आम्हाला नमुने घेण्यापूर्वीच सांगितला, अहवाल लिहिताना नव्हे. त्यामुळे ज्या भागात सीमा अपेक्षित होत्या तिथे अंतर कमी ठेवता आले.

मापनाच्या यंत्रणेबद्दल तक्रारीला जागा नाही. द्रव हेलियमच्या तापमानाला चालणारे अतिसंवाहक संवेदक असलेला मॅग्नेटोमीटर चुंबकीय कवच असलेल्या खोलीत ठेवलेला आहे. पृथ्वीचे क्षेत्र साधारण २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला असते. त्या खोलीत ते काहीशे नॅनोटेस्लांच्याही खाली जाते, त्यामुळे नंतर चिकटलेले चुंबकत्व उतरवण्यासाठी भट्टीत तापवून काढलेला नमुना थंड होताना आजच्या क्षेत्राची दिशा उचलत नाही. फिरत्या नमुन्यावर मोजणारे साधे यंत्र अनेक कामांसाठी पुरते, पण तळ्यातल्या फिकट, क्षीण चुंबकत्वाच्या गाळासाठी मला अतिसंवाहक यंत्राचाच आग्रह धरावासा वाटतो. टप्प्याटप्प्याने चुंबकत्व उतरवत गेल्यावर शेवटच्या पायऱ्यांवर जे थोडेसे उरते तेच बहुधा सर्वांत जुने असते, आणि तिथेच कमी संवेदनशील यंत्राचे आकडे विस्कटू लागतात.

आता मुख्य गोष्ट. या खोऱ्यातल्या गाळात चुंबकत्व धरणारे खनिज नेहमीचे मॅग्नेटाइट असेलच असे नाही. पुष्कळदा ते ग्रेगाइट असते. ग्रेगाइट हे लोह आणि गंधकाचे संयुग आहे आणि एक स्वतंत्र खनिज म्हणून त्याची ओळख १९६४ साली पटली. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. तळातले जीवाणू त्यापासून इतका गंधक तयार करतात की लोहाचे पूर्ण रूपांतर पायराइटमध्ये होते, आणि पायराइट चुंबकत्व धरून ठेवत नाही. कमी खाऱ्या, सल्फेट बेताचे असलेल्या पण सेंद्रिय द्रव्याने समृद्ध पाण्यात मात्र गंधक पुरत नाही, ही प्रक्रिया अर्ध्यावर थांबते आणि ग्रेगाइट उरते. बंदिस्त खोऱ्याचे पाणी नद्यांनी गोडे होत जाते किंवा महासागराशी वाट उघडून पुन्हा खारे होते, तसतसे गाळातले चुंबकीय खनिजही बदलते. म्हणजे वय सांगणारा दगड त्याच मापनात पाण्याच्या खारटपणाबद्दलही काही सांगत असतो, आणि समुद्रपातळीच्या अभ्यासकाला याहून मोलाची दुसरी गोष्ट नाही.

ग्रेगाइट जितके बोलके तितकेच ते फसवेही आहे. ते गाळ बसल्यावर लगेच, वरच्या मीटरभरात तयार झाले असेल तर त्याने धरलेली दिशा थराच्या वयाचीच असते. पण गंधकयुक्त पाणी नंतर कधी तरी, लाखो वर्षांनी, त्या थरांतून झिरपले असेल तर नवे ग्रेगाइट नव्या काळातली दिशा घेऊन जुन्या थरात बसते. मग उलट्या कालखंडाच्या मधोमध एखादा सरळ पट्टा उगवतो आणि चुंबकीय उलटापालटींच्या जागतिक तक्त्याशी जुळवणी करणारा माणूस त्याला एखाद्या खऱ्या पट्ट्याचे नाव देऊन मोकळा होतो. शिवाय नमुना ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला की ग्रेगाइट मोडू लागते. ४०० अंशांच्या पुढे पायराइट आणि लोहाची इतर खनिजे हवेत जळून नवे मॅग्नेटाइट जन्माला घालतात, आणि भट्टीतल्या उरल्यासुरल्या क्षेत्राची दिशा त्या मॅग्नेटाइटमध्ये उतरते. प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणाऱ्या, क्षेत्राने चुंबकत्व उतरवण्याची दुसरी पद्धत वापरली तरी ४०–५० मिलिटेस्लांच्या पुढे ग्रेगाइट लावलेल्या क्षेत्राला काटकोनात स्वतःचे नवे चुंबकत्व धारण करते. यावर उपाय उपलब्ध आहे: प्रत्येक अक्षावर क्षेत्र लावल्यानंतर लगेच मोजायचे आणि ज्या अक्षावर ते लावले त्याच अक्षावरचा घटक ग्राह्य धरायचा. मापनाचा वेळ त्याने जवळजवळ तिप्पट होतो, पण ग्रेगाइट असलेल्या गाळासाठी दुसरा विश्वासार्ह रस्ता नाही.

याच ठिकाणी या सेवेची नेहमीची मापन-योजना अपुरी पडते. त्या योजनेत प्रत्येक नमुना ठरावीक तापमानांच्या पायऱ्यांवरून ६०० अंशांपर्यंत नेला जातो आणि पायऱ्या २०० अंशांच्या पुढे विरळ होत जातात. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ५८० अंशांना नाहीसे होत असल्यामुळे मॅग्नेटाइट असलेल्या खडकाला ती योजना उत्तम आहे. आमच्या गाळात मात्र २०० ते ३५० अंशांमधल्या अरुंद पट्टीतच सगळे घडत होते आणि तिथे पायऱ्या सर्वांत दाट हव्या होत्या. पहिल्या तुकडीच्या निकालात कित्येक नमुन्यांचे आलेख ४०० अंशांनंतर वेडेवाकडे पळत होते. तापवल्यानंतर दर पायरीला चुंबकीय ग्रहणशीलता (बाहेरच्या क्षेत्रात नमुना किती सहज चुंबकित होतो ते) मोजलेली नव्हती, त्यामुळे नवे खनिज नेमके कोणत्या तापमानाला तयार झाले याचा पुरावाही हाती नव्हता. हा दोष यंत्राचा नाही आणि मोजणाऱ्या तंत्रज्ञांचाही नाही. खडक कोणता आहे हे न विचारता ठरलेली योजना चालवण्याच्या सवयीचा हा परिणाम आहे, आणि एवढ्या उत्तम सूचनापत्रिकेच्या मागे असलेल्या संस्थेकडून ती अपेक्षा नव्हती.

हे लक्षात आणून दिल्यावर मिळालेला प्रतिसाद नावाजण्यासारखा होता. प्रयोगशाळेने प्रत्येक थरप्रकाराचा एक नमुना निवडून त्यांच्यावर खनिज-ओळखीच्या वेगळ्या चाचण्या केल्या: वाढत्या क्षेत्रात नमुना किती चुंबकित होतो याचा आलेख, तापमानाबरोबर चुंबकत्व कसे बदलते याचा आलेख, आणि चुंबकीय कणांचा आकार व त्यांची परस्परांवरची क्रिया उघड करणारे आकृतिबंध. त्यांतून ग्रेगाइट कुठे आहे, मॅग्नेटाइट कुठे आहे आणि दोन्ही एकत्र कुठे आहेत याचा स्पष्ट नकाशा मिळाला. दुसरी तुकडी त्यानुसार दोन वाटांनी मोजली गेली; ग्रेगाइटचे नमुने अक्षागणिक मोजण्याच्या पद्धतीने आणि बाकीचे तापवून. फरक कागदावर लगेच उतरला. जिथे आधी सरळ आणि उलट दिशा एकमेकींत मिसळलेल्या दिसत होत्या तिथे प्रत्येक नमुन्याची शेवटची रेघ आलेखाच्या मूळबिंदूकडे, म्हणजे शून्य चुंबकत्वाकडे, नीट जाऊ लागली. या चाचण्या वेगळे शुल्क आकारून, मागितल्यासच केल्या जातात. माझ्या मते बंदिस्त खोऱ्याच्या गाळासाठी त्या मूळ सेवेतच, आणि मुख्य मापनाच्या आधी, असायला हव्यात.

अहवालाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. पहिली समाधानाची: सर्व कच्चे आकडे, प्रत्येक पायरीचे, कोणताही नमुना न गाळता, साध्या मजकुराच्या फाइलींत मिळाले. त्यामुळे पॅलिओमॅग्नेटिझम डॉट ऑर्ग या मोफत, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनात ते उघडून प्रत्येक रेघ आम्ही स्वतः पुन्हा बसवली. दुसरी गोष्ट त्यांच्या सारांशाची. त्यात दिशांची सरासरी आणि तिच्याभोवतीचा विश्वासशंकू (खरी सरासरी दिशा ज्यात असण्याची शक्यता मोठी असते तो शंकू) दिला होता, पण नतिकोन (क्षेत्र आडव्या पातळीशी करते तो कोन) कमी येण्याबद्दल एक शब्दही नव्हता. ४० अंश उत्तर अक्षांशावर क्षेत्राचा नतिकोन सुमारे ५९ अंश अपेक्षित असतो. चिकणमाती दाबाने चपटी होताना कण आडवे पडतात आणि तो ४५ अंशांपर्यंतही उतरतो. सरळ की उलट हे ठरवण्यात त्याने बाधा येत नाही, पण नवख्या वाचकाला वाटावे की हा प्रदेश त्या काळी विषुववृत्ताच्या जवळ होता. अहवालात हे एका वाक्यात लिहिता आले असते.

जागतिक तक्त्याशी जुळवणी मात्र प्रयोगशाळेने केली नाही, आणि हे मी सेवेच्या बाजूने मोजतो. सरळ-उलट पट्ट्यांचा क्रम स्वतःहून वय सांगत नाही. दोन सरळ आणि एक उलटा पट्टा भूतकाळात अनेक ठिकाणी बसवता येतो, आणि गाळ साचण्याचा वेग मध्येच बदलला किंवा पाणी उतरून थर धुपून गेला तर पट्ट्यांच्या जाडीचे प्रमाणही विश्वासाचे राहत नाही. बंदिस्त खोऱ्यात पातळी घसरली की किनाऱ्याकडच्या भागात अशी झीज होतेच. म्हणजे ज्या घटनेचे वय हवे असते, नेमका तिच्याच ठिकाणी दप्तराचे पान फाटलेले असण्याची शक्यता सर्वाधिक. अक्चागिलच्या वयाचा नऊ लाख वर्षांचा घोळ पाहताना हे विसरता येत नाही. निदान एका थराला राखेचे वय किंवा खुल्या समुद्रातून आलेल्या जीवांचा आधार हवा, आणि तो शोधण्याची जबाबदारी छेद प्रत्यक्ष पाहिलेल्या गटाचीच असते. प्रयोगशाळेने पट्ट्यांची मांडणी दिली, प्रत्येक सीमेच्या वरचा आणि खालचा नमुना कोणता तेही सांगितले, आणि पुढचे आमच्यावर सोडले. काही सेवा जुळवणीसह तयार वय देऊ करतात. तशा सेवेपासून मी दूर राहीन.

ही शिस्त पाळली तर या पद्धतीतून काय हाती लागते हे कॅस्पियनच्याच पूर्वजाने दाखवले आहे. आल्प्सपासून मध्य आशियापर्यंत पसरलेला पॅराटेथिस हा अंतर्गत समुद्र सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी महासागरापासून तुटू लागला. त्याला हे नाव १९२४ साली लास्कारेव या भूवैज्ञानिकाने दिले. काळ्या समुद्राच्या काठी तामान द्वीपकल्पावर पनागिया येथे त्याच्या गाळाचा एक अखंड, लांबलचक छेद उघडा पडला आहे. त्याच्या चुंबकीय स्तरक्रमातून हा समुद्र सुमारे ९७.५ लाख ते ७६.५ लाख वर्षांपूर्वीच्या काळात चार वेळा मोठ्या प्रमाणात आटल्याचे आणि शेवटच्या, सर्वांत तीव्र आटण्यात पाणी सुमारे २५० मीटर उतरल्याचे २०२१ साली मांडण्यात आले. त्या गाळात समुद्री प्लवकांचा आधार जवळजवळ नाही. चुंबकीय घड्याळ नसते तर हे चार उतार चार सुट्या, वयहीन थरांच्या रूपानेच राहिले असते.

संपर्काच्या बाबतीत सेवा ठीक आहे. पत्रांना उत्तरे मिळाली, मात्र निकाल सांगितलेल्या मुदतीच्या बरेच नंतर आले. हेलियमवर चालणाऱ्या यंत्रासाठी वाट पाहावी लागते हे समजण्यासारखे असले तरी विलंब आधी कळवायला हवा होता. नमुन्यांचे उरलेले अर्धे भाग चुंबकीय क्षेत्रापासून सुरक्षित ठेवून परत पाठवले गेले, ही चांगली गोष्ट आहे.

पुढच्या छेदाचे नमुने मी याच प्रयोगशाळेकडे पाठवणार आहे, पण नेहमीच्या योजनेखाली नाही. आधी प्रत्येक थरप्रकारातल्या काही नमुन्यांवर खनिज-ओळखीच्या चाचण्या, त्यांचे निकाल पाहून मग पायऱ्यांची यादी, २०० ते ३५० अंशांमध्ये त्या दाट, दर पायरीनंतर ग्रहणशीलतेचे मापन, आणि थर कललेल्या ठिकाणी वळीच्या दोन्ही बाजूंचे नमुने, म्हणजे ग्रेगाइट थर वाकण्यापूर्वीचे की नंतरचे हे त्यांच्या दिशा ताडून ठरवता येईल, असा करार लेखी करूनच. मॅग्नेटाइटयुक्त लाव्हा असलेल्या गटाला यातले फारसे काही मागावे लागणार नाही. त्यांनी ही सेवा आहे तशी निर्धास्तपणे घ्यावी.